ऑगस्टमध्ये आठ लग्नं

शाखा व्यवस्थापकांनी माझ्या प्रकल्प अहवालाचं नववं पान उघडलं, पेनाचं टोक एका रकान्यावर ठेवलं आणि विचारलं, "ताई, ऑगस्टमध्ये आठ लग्नं?"

मी पान पाहिलं. बारा महिन्यांचे बारा रकाने आणि प्रत्येक रकान्यात आठ. जानेवारीत आठ, मेमध्ये आठ, ऑगस्टमध्येही आठ. हा अहवाल मी लिहिलेला नव्हता. तालुक्याच्या गावी कर्जाची कामं करून देणाऱ्या एका माणसाने पंधरा हजार रुपये घेऊन तो करून दिला होता. दुसऱ्या कुणाच्या तरी अहवालात माझं नाव आणि गाव घातलं होतं. ऐन चातुर्मासात आमच्या संगमनेर तालुक्यात आठ लग्नं कोण लावणार? हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, सोळा वर्षं मी लग्नघरांतूनच वावरत होते. पण सही करताना ते पान मी वाचलंच नव्हतं.

अर्ज परत आला. २०२३ चा जानेवारी होता. परतीच्या एसटीत मला रडू आलं नाही, मात्र तो रकाना डोळ्यांसमोरून हलेना.

आज तीन वर्षांनी आमचा हॉल उभा आहे, हप्ते चालू आहेत, आणि आठवड्याला एखादी तरी बाई फोन करून विचारते की सरकारी योजनेतून कर्ज कसं मिळवलंस. प्रत्येकीला सांगताना मी कुठलीतरी अर्धी गोष्ट विसरते. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

मी रुखवत करायची. त्याआधी मेंदी काढायची, नंतर डोहाळजेवणाच्या झोपाळ्याची सजावट, बारशाचा पाळणा, हळदीचा मांडव. या कामात घरांच्या आतली अडचण दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस बायका, मधोमध सातव्या महिन्याची पोटुशी, वर पंखा बंद, कारण फुलांचा झोपाळा त्याच हुकाला टांगलेला. कार्यालयांतही नवरीचे हाल काही कमी नसतात. एका ठिकाणी नवरीने शालू नेसला तो खुर्च्यांच्या गोदामात, मी आणि तिची मावशी दाराला पाठ लावून उभ्या होतो. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आपल्या रस्त्याकडच्या तुकड्यावर मी एक जागा बांधणार. कडी लागणारी खोली आणि सहा संडास असलेली.

तो तुकडा सासऱ्यांच्या नावावर होता, सव्वा एकर. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कर्ज तुझ्या नावावर, जमीन माझी. उद्या बुडालं तर जमीन कुणाची?"

हा प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायलाच मला दोन महिने लागले.

मी ज्या योजनेतून कर्ज घेतलं ती पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे सगळे जिला पीएमईजीपी म्हणतात ती. ती २००८ मध्ये सुरू झाली. देशपातळीवर खादी आणि ग्रामोद्योग आयोग ती बघतो, आणि जिल्ह्यात आपलं काम पडतं ते जिल्हा उद्योग केंद्राशी किंवा खादी मंडळाशी. अर्ज ऑनलाइन, फी काही नाही. सेवा उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा आधी १० लाख होती, २०२२ मध्ये ती २० लाख झाली. माझ्यासारखीचा हॉल त्यामुळेच शक्य झाला, दहा लाखांत नुसती शेडही नीट झाली नसती. बाई असेल आणि जागा ग्रामीण भागात असेल तर अनुदान प्रकल्पाच्या ३५ टक्के, स्वतःचे पैसे ५ टक्के. शहरात हेच अनुदान २५ टक्के. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला गावात २५, शहरात १५, आणि त्याचा स्वतःचा वाटा १० टक्के. सेवा उद्योगात पाच लाखांच्या वर प्रकल्प असेल तर आठवी पास असावं लागतं. उद्योग नवा हवा, चालू धंद्याला हे पैसे नाहीत. आणि नवरा-बायको मिळून एकालाच.

दुसरे रस्तेही मी पाहिले होते. मुद्रा तेव्हा दहा लाखांपर्यंतच होती. २०२४ च्या ऑक्टोबरपासून वीस लाख झाली, पण ती मुद्राच्याच 'तरुण' नावाच्या गटातलं आधीचं कर्ज फेडलेल्यांनाच. स्टँडअप इंडिया महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी होती, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत, पण तिच्यात अनुदान नव्हतं. माझ्या मावसभावाने अण्णासाहेब पाटील महामंडळातून व्याज परतावा घेतला. तिथे हप्ता आधी आपण वेळेवर भरायचा आणि मग व्याजाची रक्कम परत मिळते. त्याला ते जमलं, कारण त्याचं दूध रोज डेअरीला जातं. माझ्याकडे रोजची आवक नव्हती.

आता नानांच्या प्रश्नाकडे येते. मी कर्ज घेतलं तेव्हा दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसईची हमी मिळते. केंद्र सरकार आणि सिडबी ही लघुउद्योगांची बँक यांनी मिळून २००० साली काढलेला हा न्यास. कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीचा मोठा भाग तो भरून देतो. त्यासाठी दरवर्षी हमी शुल्क लागतं आणि ते आपल्याच खात्यातून जातं. इथे बऱ्याच जणींचा गैरसमज होतो, म्हणून ठासून सांगते. ही हमी बँकेला आहे. आपल्याला नाही. सरकारने हमी दिली म्हणजे आपलं देणं माफ झालं, असं अजिबात नाही. कर्ज थकलं की वसुली आपल्यावरच येते. एवढंच की बँकेला नानांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवायची गरज उरत नाही, कर्जातून घेतलेली मालमत्ताच तिच्याकडे तारण राहते. तरीही एका शाखेत मला स्पष्ट सांगितलं, "जमीन गहाण देता का? मग बघू." मी नाही म्हणून उठले. दुसरी शाखा शोधायला वेळ गेला, पण नानांना दिलेला शब्द राहिला.

जमिनीची किंमत या योजनेत प्रकल्प खर्चात धरतच नाहीत. इतकी जमीन आहे, तिची किंमत आमचा वाटा म्हणून धरा, असं म्हणून चालत नाही. आम्ही नानांकडून माझ्या नावे पंधरा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा केला. दिरांचीही संमती घेतली. त्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नानांनी अंगठ्याऐवजी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढत. ते दुसरी शिकलेले आहेत.

मग बिनशेती. हॉलसाठी शेतजमीन चालत नाही, आणि बिनशेती म्हटलं की लोकांचे पाय गळतात. आमचं नशीब असं की तुकडा गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत होता. जमीन महसूल संहितेत तेव्हा कलम ४२-ड होतं. त्याप्रमाणे अशा जागेला वेगळी अकृषिक परवानगी घ्यावी लागत नव्हती, रूपांतरण कर आणि आकारणी भरून सनद मिळायची. मोजणीचा नकाशा मात्र लागायचा. जमीन घेण्याआधी किंवा आराखडा काढण्याआधी कुणीही पहिल्यांदा गावठाणाची हद्द बघावी. आम्हाला हे एका तलाठ्यांनी सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. त्यांनी सांगितलं नसतं तर आमचं वर्ष गेलं असतं.

आणि प्रकल्प अहवाल. तो मी स्वतः लिहायला घेतला.

भिंतीवरची कालनिर्णयं आमच्या घरी टाकून देत नाहीत. सासूबाई दुधाचा हिशोब त्यांच्या मागच्या पानांवर लिहितात आणि जुनी फळीवर ठेवतात. मी तीन वर्षांची काढली, जमिनीवर पसरली, आणि लग्नाच्या मुहूर्तांवर लाल पेनाने गोल केले. पसरलेल्या कागदांवर ते इतकं उघड दिसलं. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की गोल सुरू होतात. मार्गशीर्षात गर्दी. पौषात आमच्याकडे बरेच लोक थांबतात. माघ-फाल्गुनात पुन्हा, वैशाखात दाटी, ज्येष्ठात उरलेसुरले. आषाढी एकादशीनंतर पांढरी पानं. चार महिने एकही गोल नाही. २०२३ च्या कॅलेंडरवर तर अधिक श्रावण होता, म्हणजे चातुर्मासच पाच महिन्यांचा.

हप्ता मात्र बाराही महिने.

मग मी दुसरं पेन घेतलं, निळं. माझ्या रुखवताच्या वह्यांत सोळा वर्षांच्या ऑर्डरी होत्या. त्यातली डोहाळजेवणं, बारशी, वाढदिवस, साखरपुडे, साठीशांती, मंगळागौरी मी कॅलेंडरवर निळ्याने मांडत गेले. बारसं मुहूर्ताची वाट बघत नाही, मूल जन्मलं की बाराव्या दिवशी नाव ठेवायचं. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, मग तो भाद्रपद असो की पौष. मंगळागौर तर श्रावणातच. पांढरी पानं निळी झाली. रात्रीचे साडेबारा वाजले होते, नवरा झोपेतून उठून आला आणि नुसता बघत उभा राहिला. मी त्याला म्हटलं, आपण लग्नाचं लॉन बांधतच नाही आहोत. आपण दोनशे माणसांचा हॉल बांधतो आहोत, त्यात लग्नही लागेल.

तिथून आकडे बदलले. आधी पन्नास बाय शंभरची शेड धरली होती, ती चाळीस बाय साठ केली. शेडला ८ लाख ४० हजार. दोन खोल्या आणि संडास-बाथरूम ३ लाख २० हजार. स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, शोषखड्डा १ लाख ३० हजार. जनरेटर, साउंड, खुर्च्या, भांडी ३ लाख १० हजार. वायरिंग आणि किरकोळ ५० हजार. खेळतं भांडवल दीड लाख. एकूण १८ लाख. माझे ५ टक्के म्हणजे ९० हजार, ते रुखवताच्या पैशांतून भिशीत साठवले होते. बँकेचे १७ लाख १० हजार. अनुदान ३५ टक्क्यांनी ६ लाख ३० हजार.

संडास सहाच्या सहा ठेवले, चार बायकांचे, दोन पुरुषांचे. खर्च कमी करायला सगळ्यांनी तिथेच बोट दाखवलं. मी ऐकलं नाही. नवरीच्या खोलीत आतून कडी, पूर्ण उंचीचा आरसा, भिंतीत सहा खुंट्या आणि मोरीला वेगळा नळ. कोटेशनमध्ये त्या खुंट्याही मी लिहून घेतल्या.

नवा अहवाल घेऊन मी दुसऱ्या बँकेच्या शाखेत गेले. महिन्याचे बारा रकाने तसेच होते, पण प्रत्येकात दोन आकडे, लाल आणि निळा. साहेबांनी विचारलं, हे रंग कसले? मी कॅलेंडरं पिशवीत नेलीच होती. टेबलावर उघडून दाखवली. ते नांदेडकडचे, त्यांना मुहूर्त काय ते सांगावं लागलं नाही. त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि मला एक गोष्ट समजावली. वर्षाला हातात राहणारा पैसा हा वर्षाच्या हप्ते-व्याजाच्या किमान दीडपट दिसला पाहिजे. माझ्या लाल-निळ्याची बेरीज पावणेदोन पटीच्या जवळ गेली. लाल आकडा अर्धा केला तरी हप्ता निघतो का, हेही त्यांनी माझ्यासमोर करून पाहिलं. निघत होता, जेमतेम.

मे २०२३ मध्ये मंजुरी आली. पाच लाखांवरच्या प्रकल्पाला दहा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण लागतं, ते केलं. जूनमध्ये पहिला टप्पा सुटला. सासूबाईंचा आग्रह होता की आषाढी एकादशीच्या आत कुदळ मारायची, आणि आम्ही मारली.

आता पैसे कसे येतात ते. ते आपल्या हातात येत नाहीत, थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात, जीएसटीच्या बिलावर. शेडवाल्याचं, जनरेटरवाल्याचं बिल झालं. आमच्या गवंड्याकडे कुठलं बिल? तो वहीच्या पानावर हिशोब लिहितो. त्याची मजुरी मी माझ्या ९० हजारांतून आणि घरातून भागवली, आणि पुढे तीन महिने आम्ही फार ओढीत काढले. बांधकाम काढणारीने मजुरीपुरती रोख आधीच बाजूला ठेवावी.

आणि ते अनुदान. गावात बातमी झाली की हिला सरकारने सहा लाख फुकट दिले. नणंदेच्या सासरहूनही विचारणा आली. खरं असं आहे की ती रक्कम बँकेत आपल्या नावाच्या मुदत ठेवीत तीन वर्षं बंद राहते. त्या ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावरही व्याज नाही. तीन वर्षांनी कुणीतरी येऊन जागेवर तपासणी करतं, उद्योग चालू दिसला तर ती रक्कम कर्जात वळती होते. मधे हॉल बंद पडला तर ती माझी नाही. एक रुपयाही माझ्या हातात आला नाही, येणार नाही. माझ्या शाखेने हप्ता अनुदान वजा करून उरलेल्या मुदत कर्जावर बसवला, ११ टक्क्यांनी महिना १६ हजार नऊशेच्या आसपास. सगळ्याच शाखा तसं करत नाहीत, काही जण पूर्ण रकमेवर बसवतात आणि शेवटी जुळवतात. सही करण्याआधी हे विचाराच. दोन्हींत महिन्याला काही हजारांचा फरक पडतो. खेळत्या भांडवलाचंही एक आहे. ती मर्यादा घेऊन नुसती ठेवायची नाही, तीन वर्षांत एकदा तरी ती पूर्ण वापरलेली दिसावी लागते.

तुळशीच्या लग्नाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये, हॉल सुरू झाला. एप्रिलपर्यंत चौदा लग्नं लागली. जानेवारीपासून हप्ते सुरू झाले होते आणि मला वाटलं, आपलं गणित बसलं.

मग २०२४ चा उन्हाळा आला. एप्रिलच्या शेवटी शुक्राचा अस्त लागला, मेमध्ये गुरूचाही, आणि जून सरेपर्यंत पंचांगात लग्नाच्या तारखा जवळजवळ नव्हत्या. माझ्या अहवालात मे-जूनची नऊ लग्नं होती. लागली दोन, तीही अडचणीचा मुहूर्त काढून. मी तीन वर्षांची सरासरी काढली होती, आणि त्या तीन वर्षांत मे-जूनमध्ये असा अस्त नव्हता. आमच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, अस्त-उदय कित्येक वर्षं आधी गणिताने काढता येतात. तू तेव्हा विचारलं असतंस तर सांगितलं असतं." बँकेच्या साहेबांनी हप्त्याचं गणित शिकवलं, पण ज्यांच्या वहीत माझ्या धंद्याची पुढची दहा वर्षं लिहिलेली होती त्यांच्याकडे मी गेलेच नव्हते.

जूनअखेर खात्यात ४१ हजार होते. समोर चातुर्मास. ऑगस्टचा हप्ता माझ्याकडून अकरा दिवस उशिरा गेला. त्या अकरा दिवसांत मला कळलं की थकीत म्हणजे काय. पहिल्या तीस दिवसांत खात्यावर एक खूण लागते, साठ दिवसांपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी, आणि नव्वद दिवस उलटले की खातं बुडीत धरतात. साहेबांची बदली झाली होती, नवे साहेब आले होते. मी फोनची वाट बघितली नाही, आपणहून शाखेत जाऊन बसले. हप्ता आत्ता बदलता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पण ही खूण उशीर एक दिवस झाला तरी लागते, त्यामुळे पुढच्या वेळी आधी या, हेही सांगितलं.

त्या पावसाळ्यात निळ्या पेनाने तारलं. श्रावणात मंगळागौरींसाठी मी हॉल मंगळवारचा राखून ठेवला. संगमनेरातल्या आणि आसपासच्या महिला मंडळांना स्वतः जाऊन भेटले. रात्री जागर असायचा म्हणून भाडं सात हजार, त्यात चहा, पोह्यांची सोय आणि पत्री. पहिल्याच मंगळवारी साठ बायका आल्या. फुगड्या, झिम्मा, पिंगा. एक सत्तरीच्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी विचारलं काही हवं का, तर म्हणाल्या, "लग्न झाल्यावर पाच वर्षं मंगळागौर पुजली, पण कधी मोकळी नाचले नाही. घरात जागाच नव्हती." मग उठून त्यांनी दोन फेऱ्या घातल्या. माझी शेड पत्र्याची आहे, पावसाचा आवाज वर इतका होता की गाणी ओरडून म्हणावी लागत होती. जुलै ते ऑक्टोबर मिळून एकोणीस कार्यक्रम झाले. सात हजार, आठ हजार, एखादा नऊ. सप्टेंबरपासूनचा प्रत्येक हप्ता वेळेवर गेला.

तेव्हापासून मी एक वेगळं बचत खातं ठेवलं आहे. घरात त्याला पावसाळ्याचं खातं म्हणतात. लग्नाच्या प्रत्येक बुकिंगचा ॲडव्हान्स आला की त्यातला तिसरा हिस्सा आधी तिकडे जातो, मग मंडपवाल्याचे पैसे, मग घर. आषाढीपर्यंत त्यात पाच हप्त्यांइतके पैसे साठलेच पाहिजेत. २०२५ मध्ये साठले.

बाकीच्या परवानग्यांबद्दल थोडक्यात. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, ग्रामीण भाग असल्याचा दाखला, उद्यम नोंदणी. उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे पैसे कुणालाही देऊ नका. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हे बुकिंगच्या पावतीवरच छापून घ्या, म्हणजे वरातीच्या वेळी वाद होत नाही. सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आणि योजनेचा फलक दर्शनी भागात लावावा लागतो, योजनेचं नाव आणि बँकेचं नाव असलेला. आमचा उन्हाने फिका पडला होता, पाडव्याला नवरा नव्याने रंगवून घेतो म्हणाला आहे, कारण या वर्षी तीन वर्षं पुरी होतात आणि तपासणीला कुणीतरी येईल. ही योजना २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत मंजूर होती, त्यामुळे नव्याने अर्ज करणारीने पुढची मुदत आणि रकमा उद्योग केंद्रात विचारूनच कागद जमवायला लागावं.

या उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन लग्नसराईतला महिना कोरा. या वेळी मी दिवाळीतच गुरुजींकडे गेले होते, पुढच्या पाच वर्षांचे अस्त आणि अधिक मास त्यांच्याकडून वहीत उतरवून आणले.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहेतीस अनारसे वाण द्यायचे. पूर्वी घरात दोन लेकी, दोन जावई असत, ओसरीवर पंगत होई. आता सगळं गोत एकदम बोलवायचं म्हणतात आणि घरात बसायला जागा नसते. मी माघातच फोन करायला लागले. आजवर सात धोंडेजेवणं ठरली आहेत, सगळी चाळीस ते साठ पानांची. काल सातव्या जेवणाचा ॲडव्हान्स आला. त्या काकूंना तीन जावई आहेत. त्यांनी विचारलं, "अनारसे तुमच्याकडे होतील का गं? तेहेतीस त्रिक नव्व्याण्णव लागतील, आणि जाळी पडली पाहिजे."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, तारीख पक्की सांगा.